समोरचा वारा आणि पॅडलबोर्ड: नवख्यांनी मन कसं तयार करायचं

डिसेंबरातल्या सकाळी सात वाजता तारकर्लीचा समुद्र बघितला की वाटतं, यावर लहान मूलही उभं राहील. पाणी काचेसारखं, लाट नावापुरती, मागे सुरूची शांत झाडं. अशाच एका सकाळी मी पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून लांब वल्ह्याने चालवायची रुंद फळी, घेऊन निघालो. डॉल्फिनचा कळप दिसला, त्याच्या मागे मागे गेलो आणि भान आलं तेव्हा किनारा किलोमीटरभर मागे पडला होता. बोर्ड वळवला आणि वारा छातीवर आदळला. जाताना तो पाठीशी होता म्हणून जाणवलाच नव्हता. जे अंतर दहाएक मिनिटांत कापलं होतं, त्यासाठी परत येताना पाऊण तास लागला.

त्यातली पहिली पंधरा मिनिटं मी स्वतःच्या हाताने वाया घालवली. आधी वाऱ्याचा राग आला, मग घाई झाली, मग दम गेला. किनाऱ्यावरच्या एका पांढऱ्या भिंतीकडे बघत जोरजोरात पॅडल मारत होतो आणि ती भिंत जवळ येतच नव्हती. जाळी ओढून परतणारी एक होडी जवळून गेली. तिच्यावरचे एक वयस्कर काका ओरडले, "आधी खाली बस रे, मगे वल्हव!" मी गुडघ्यांवर बसलो. पुढचा अर्धा तास कष्टाचा होता, पण त्यात गोंधळ नव्हता.

हा लेख त्या अर्ध्या तासाबद्दल आहे. दंडात ताकद किती, हा प्रश्न फार पुढचा. ज्यांना सपाट पाण्यावर उभं राहून पॅडल मारता येतं, पण समुद्रात वारा समोरून आला की काय करायचं हे माहीत नाही, त्यांनी कोणत्या क्रमाने विचार करावा ते सांगतो.

आधी वारा ओळखा

शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. पॅडलबोर्डवाल्यासाठी तो धडा जिवाचा आहे. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटेपासून सकाळी नऊ-दहापर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई. दिवस चढला, जमीन तापली की दिशा उलटते आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो. कोकण किनाऱ्यावर तो बहुतेक वायव्येकडून येतो, आणि फेब्रुवारी ते मे या काळात दुपारी तीन-चारच्या सुमारास चांगला जोर धरतो.

नवख्याला दुपारच्या वाऱ्याची भीती वाटते, कारण तो दिसतो: लाटा उठतात, फेस दिसतो. पण खारा वारा तुम्हाला निदान किनाऱ्याकडे ढकलतो. मतलई वारा फसवतो. सुरूच्या झाडांच्या आणि किनाऱ्याच्या उंचवट्याच्या आडोशामुळे काठाजवळचं पाणी सपाट राहतं, आणि पाच-सहाशे मीटर आत गेल्यावर तो खरा अंगावर येतो. तेव्हा तुमचं तोंड घराकडे आणि वाऱ्याचं तोंड तुमच्याकडे असतं.

म्हणून पहिला नियम: सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करायची, म्हणजे थकलेल्या अंगाने परतताना वारा पाठीशी राहील. वायव्येचा वारा असेल तर तारकर्लीहून उत्तरेला, वायरी आणि मालवणच्या बाजूला, किनाऱ्याला धरून जा आणि दक्षिणेला परत या. देवबागकडे वाऱ्यासोबत मजेत वाहत गेलात, तर परतीचा सगळा हिशोब चुकवावा लागतो. मतलई वाहत असेल तर नवख्याने आत जायचंच नाही. किनाऱ्याला समांतर, कंबरभर पाण्याच्या आसपास राहायचं.

आकडा लक्षात ठेवा. ७ ते १० नॉटच्या वाऱ्यात लाटांच्या शेंड्यावर तुरळक पांढरा फेस दिसू लागतो. ११ ते १६ नॉटला तो सगळीकडे दिसतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. आणि वाऱ्याचा रेटा त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो: १० नॉटचे २० झाले की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. शिकणाऱ्याने १० नॉटच्या वर एकट्याने उतरू नये असं माझं ठाम मत आहे. हवा भरून फुगवायचा बोर्ड असेल तर आणखी खाली थांबा, कारण तो जाड असतो, पाण्यावर उंच तरंगतो आणि वाऱ्याला जास्त सापडतो.

निर्णय वाळूवरच घ्या

मनाची तयारी म्हणजे पाण्यात गेल्यावर धीर धरणं, असं पुष्कळांना वाटतं. माझ्या मते निम्मी तयारी वाळूवर संपलेली असते. थकलेलं आणि घाबरलेलं डोकं चांगले निर्णय घेत नाही, म्हणून ते निर्णय ताज्या डोक्याने आधीच घेऊन ठेवायचे.

एक, परत फिरायची वेळ. ठिकाण ठरवू नका, वेळ ठरवा, कारण ठिकाण नेहमी "अजून थोडंसं पुढे" सरकतं. हातात एक तास असेल आणि परतीला वारा समोर असण्याची थोडी जरी शक्यता असेल, तर बारा मिनिटांनी वळायचं. का, ते बघा. शांत पाण्यात तुमचा वेग ताशी ५ किलोमीटर आहे असं धरू. वारा पाठीशी घेऊन तो ७ होईल आणि समोरून आला की २ वर येईल. एक किलोमीटर जायला नऊ मिनिटांच्या आत, आणि परत यायला अर्धा तास. हा हिशोब डोक्यात असला की परतीचा उशीर म्हणजे संकट वाटत नाही. तो अपेक्षेप्रमाणे चाललेला असतो.

दोन, उतरायची दुसरी जागा. निघालो तिथेच परत यायचं हा हट्ट समुद्रात फार महाग पडतो. दोन्ही बाजूंना एक-दोन किलोमीटरवर वाळूचा किनारा कुठे आहे, खडक कुठे आहेत, हे आधी बघून ठेवा. मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती पाण्याखाली भरपूर खडक आहेत. तिथे वाट माहीत नसताना शिरू नये.

तीन, काठावरच्या एका माणसाला सांगून जा: अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर शोध सुरू कर. तटरक्षक दलाचा समुद्रातल्या मदतीसाठीचा क्रमांक १५५४ आहे आणि सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक ११२. दोन्ही त्या माणसाकडे आणि तुमच्या फोनमध्ये असू द्या.

साहित्याबद्दल थोडक्यात. लाइफ जॅकेट अंगात घातलेलं, बोर्डाला बांधलेलं नव्हे. लीश, म्हणजे बोर्ड तुमच्यापासून सुटू न देणारी दोरी, पायाला. खाडीच्या मुखाशी किंवा नांगरलेल्या होड्यांजवळ मात्र ती कमरेला, एका झटक्यात सुटणारी, कारण दोरात किंवा जाळ्यात अडकून प्रवाहाने ताणली गेली तर पायापर्यंत हात पोचत नाही. शिट्टी, पाण्याची बाटली, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

आणि भरती-ओहोटी. कोकणात जुन्या माणसांची रीत आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ कळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. प्रत्येक बंदराप्रमाणे यात फरक पडतो, म्हणून नक्की वेळ तक्त्यात बघायचीच. पण अंदाज डोक्यात हवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याची ओढ जास्त असते, अष्टमीच्या आसपास भांगाच्या भरतीत कमी. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते तिथे ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून खारा वारा आला, तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. शिकण्याची जागा ती नव्हे.

वारा लागला की आधी खाली

उभा माणूस म्हणजे शीड. गुडघ्यांवर बसलात की ते शीड जवळजवळ अर्ध्याने उतरतं, तोल सुधारतो आणि पाय थरथरायचे थांबतात. एवढं सोपं असताना लोक बसत का नाहीत? कारण उभं राहणं हीच या खेळाची ओळख आहे आणि बसणं त्यांना कमीपणाचं वाटतं. हा विचार काठावरच सोडून या. मी शिकवतो तेव्हा नवख्यांना पहिल्याच दिवशी मुद्दाम अर्धा तास गुडघ्यांवर पॅडल मारायला लावतो, म्हणजे ती जागा ओळखीची होते आणि गरज पडली की मनाला अडचण वाटत नाही.

बसल्यावर पॅडलचा दांडा खालून धरा, वरचा हात मुठीवरून काढून दांड्यावर घ्या. वजन किंचित पुढे. बोर्डाचं नाक वर उचललं गेलं तर वारा त्याच्या खाली शिरून ते फिरवतो. नाक पाण्याला चिकटून राहिलं पाहिजे, पण पाण्यात घुसता कामा नये. गुडघ्यांवरही जमेनासं झालं तर पोटावर झोपा, पॅडल छातीखाली दाबा आणि दोन्ही हातांनी पाणी ओढा. वेग कमी होतो, पण तुम्ही वाऱ्याच्या तावडीतून जवळजवळ सुटता.

आता हात बघा. घाबरलेला माणूस पॅडल इतकं आवळून धरतो की बोटांची पेरं पांढरी पडतात. दहा मिनिटांत कोपरापर्यंत हात भरून येतो. करंगळ्या सैल सोडा. फक्त करंगळ्या. बाकीची बोटं आपोआप सैल होतात, खांदे कानांपासून खाली येतात आणि श्वास पोटात उतरतो. भीती घालवायचा याहून साधा उपाय मला सापडलेला नाही.

लय धरा

समोरच्या वाऱ्यात बोर्ड पुढे सरकत राहत नाही. दोन फटक्यांच्या मध्ये तो थांबू बघतो. म्हणून लांब, जोरकस फटके इथे उपयोगाचे नाहीत. आखूड, लवकर लवकर येणारे फटके हवेत. पातं पुढे टाकायचं, पूर्ण बुडू द्यायचं, मगच ओढायचं. गुडघ्यांवर असाल तर मांडीशी, उभे असाल तर घोट्याशी पोचलं की लगेच बाहेर. पुढे नेताना पात्याची धार वाऱ्याकडे करायची, रुंद बाजू नाही. नाहीतर प्रत्येक वेळी वाऱ्याला एक सूपच दाखवता.

लय बरोबर आहे की नाही हे कान सांगतात. बोर्ड चालत असेल तर नाकाखाली पाण्याची सलग खळखळ ऐकू येते. दोन फटक्यांच्या मध्ये ती तुटली की समजा, फटका उशिरा पडतोय. वाऱ्याच्या आवाजातही हा आवाज ओळखता येतो. त्याच्यावर कान ठेवला की डोक्यातली बाकीची बडबड कमी होते, हा त्याचा दुसरा फायदा.

वारा अगदी नाकासमोरून क्वचितच येतो. डाव्या अंगाने येत असेल तर बोर्डाचं नाक उजवीकडे ढकललं जातं. मग उजव्या बाजूनेच मारत राहा. बाजू बदलण्याचा मोह आवरा, कारण प्रत्येक बदल म्हणजे एक थांबा. आणि थांबा किती महाग? वारा तुम्हाला ताशी २ किलोमीटरने मागे नेत असेल, तर दहा सेकंदांच्या विश्रांतीत साडेपाच मीटर गेले. ज्याला कपाळ पुसायला, टोपी सरळ करायला, मागे वळून बघायला सारखं थांबायची सवय आहे, त्याचा सगळा घाम त्या थांब्यांची भरपाई करण्यातच जातो. विश्रांती हवी असेल तर जोर निम्मा करा, फटके चालू ठेवा.

आपल्याकडे होड्या वल्हवताना सूर धरायची रीत उगाच पडलेली नाही. एकाने "हैय्या" म्हणायचं, बाकीच्यांनी "हो". त्यातून वल्ही एकत्र पडतात, आणि मनाला एक ठेका मिळतो. एकटे असाल तर मोजा. मी एक ते वीस मोजतो, पुन्हा एकपासून. शंभरपर्यंत मोजू नका. साठच्या पुढे "अजून किती" हा प्रश्न डोकं वर काढतो.

नजर कुठे ठेवायची

त्या पांढऱ्या भिंतीने मला जेवढं दमवलं तेवढं वाऱ्यानेही नाही. समोरची दूरची खूण मिनिटभरात मोठी दिसत नाही, आणि मन लगेच निकाल देतं: आपण जागच्या जागी आहोत. मग घाई, मग धाप.

त्याऐवजी बाजूला बघा. किनारा तुमच्या उजव्या किंवा डाव्या हाताला असेल तर दोन खुणा निवडा: एक जवळची, उदाहरणार्थ वाळूत ओढून ठेवलेली होडी, आणि एक तिच्या मागची, एखादा उंच माड. वीस फटके मारा आणि पुन्हा बघा. होडी माडाच्या मागे, म्हणजे तुमच्या पाठीच्या दिशेने सरकलेली दिसली की तुम्ही पुढे गेलात. दहा हात का असेना, पुढे गेलात. समुद्रावरची माणसं पूर्वीपासून अशीच दोन खुणा जुळवून आपली जागा ओळखतात. मनाला पुरावा लागतो, आणि हा पुरावा खोटं बोलत नाही. होडी जागची हलली नाही किंवा उलटी पुढे सरकली, तर तेही कळतं, आणि मग योजना बदलायची वेळ झालेली असते.

किनारा सरळ समोर असेल तर हे नीट जमत नाही. तेव्हा पाण्यावरच्या जवळच्या खुणा घ्या: जाळ्याचा तरंगता गोळा, नांगरलेली होडी. तिथपर्यंतच जायचंय असं समजा. पोचलात की पुढची निवडा. जाळ्याला धरू मात्र नका. ते कोणाच्या तरी पोटाचं साधन आहे, आणि लीश अडकण्याचा धोका आहेच.

झोत आणि उसंत

वारा सलग वाहत नाही, झोतांनी येतो. समोरून पाण्यावर काळसर, सुरकुतलेला पट्टा सरकत येताना दिसला की तो झोत. तो पोचायच्या आधी अंग खाली घ्या आणि ठरवा: हा जाईपर्यंत पुढे सरकायचं नाही, फक्त मागे जायचं नाही. नाक वाऱ्यात धरून आखूड फटके मारत राहा. पट्टा मागे गेला की काही क्षण वारा पडतो. जोर तेव्हा लावायचा. नवखे नेमकं उलटं करतात: झोतात इरेला पेटतात आणि उसंत मिळाली की सुस्कारा टाकून थांबतात.

पडलात तर? पडणार आहातच. आधी बोर्ड पकडा, तीन श्वास घ्या, मग मधोमध बाजूने चढा आणि पोटावरच राहा. लगेच उभं राहायला गेलात तर पुन्हा पडाल, आणि दुसऱ्या पडण्यात पहिल्यापेक्षा जास्त शक्ती जाते.

माघार हाही मार्ग आहे

थोरामोठ्यांचं उदाहरण घ्यायचं तर ख्रिस बर्टिश या दक्षिण आफ्रिकी माणसाने २०१७ मध्ये मोरोक्कोपासून अँटिग्वापर्यंत ९३ दिवसांत एकट्याने पॅडल मारत अटलांटिक पार केला. त्याचा मार्ग व्यापारी वाऱ्यांच्या दिशेने होता. हवाईतली मोलोकाई ते ओआहू ही ३२ मैलांची नावाजलेली शर्यतही बहुतांश वारा पाठीशी घेऊन होते. शेवटी मौनालुआच्या उपसागराकडे वळताना वारा तोंडावर येतो, आणि तेवढा टप्पा सरावलेल्या पॅडलपटूंनाही जेरीस आणतो. वाऱ्याच्या बाजूने जाणं ही या लोकांनी अभ्यासाने केलेली निवड आहे.

म्हणून दहा मिनिटं प्रामाणिक प्रयत्न करूनही बाजूच्या खुणा हलत नसतील, तर झुंज थांबवा. वारा किनाऱ्याला तिरका असेल तर त्याला अंगावर थोडं तिरपं घेत दुसऱ्या ठरवलेल्या वाळूवर उतरा आणि बोर्ड खांद्यावर घेऊन चालत या. वारा सरळ समुद्राकडे नेत असेल आणि किनारा लांब जात असेल, तर मदत मागायला उशीर करू नका. बोर्डावर बसा, शिट्टी वाजवा, दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करा, फोन लावा. बोर्ड सोडून पोहत निघणं ही सगळ्यात वाईट चूक. बोर्ड तरंगतो, दुरून दिसतो, आणि त्यावर तुम्ही तासन्‌तास टिकू शकता. पोहणाऱ्याचं डोकं लाटांत दिसत नाही.

सराव कसा वाढवायचा

पहिले काही दिवस कर्लीच्या खाडीत, खारा वारा हलका सुटलेला असताना, पाण्याची ओढ कमी असेल अशा वेळी. दोनशे मीटर वाऱ्यात जायचं, मग सोडून द्यायचं, वारा परत आणतो. पहिली फेरी पूर्ण गुडघ्यांवर, दुसरी उभ्याने, तिसरी जमेल तशी. त्यानंतर वेळेचा सराव: दहा मिनिटं न थांबता, जोर कमी-जास्त करत, पण फटका न चुकवता. हे सहज जमू लागलं की समुद्रात, सोबत अनुभवी माणूस घेऊन, किनाऱ्याला समांतर. पावसाळ्यात हे सगळं बंद. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण झाला तरी समुद्र लगेच निवळत नाही, आपल्यासारख्यांनी ऑक्टोबरपर्यंत थांबावं. निघण्यापूर्वी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा सागरी अंदाज बघायचा, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला विचारायचं. दोघांचं मत जुळलं नाही तर न जाण्याच्या बाजूने निर्णय घ्या.

एक वही ठेवा. प्रत्येक फेरीनंतर अंगावरचं मीठ वाळायच्या आत चार गोष्टी लिहा: तिथी, वाऱ्याची दिशा आणि जोर, वळायची ठरवलेली वेळ आणि प्रत्यक्ष वळलो ती वेळ, आणि गुडघ्यांवर कधी बसलो. वळण्याच्या या दोन वेळांत, ठरवलेल्या आणि प्रत्यक्ष, किती मिनिटांचं अंतर पडतंय ते महिनाभर बघा. ते पाच मिनिटांच्या आत आल्याशिवाय मी कोणाला एकट्याने पाठवत नाही.